पाचव्या इनिंगची कॅसेट

ह्यांना सोमवारी विसरणाऱ्या माणसांच्या होममध्ये कायमचं न्यायचं ठरलं होतं. तिथून एक यादी आली होती. पायजमे सहा, शर्ट सहा, बिनलेसचे बूट एक जोडी, आणि प्रत्येक कपड्यावर नाव. शुक्रवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलाशी बसून काळ्या मार्करने कॉलरच्या आतल्या बाजूला नाव घालत होते. श्रीराम ढवळे. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. शाई कापडात पसरते म्हणून खाली पुठ्ठा धरावा लागतो. तिसरा शर्ट चालला होता तेव्हा नैना आली आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

नैना माझी नात. बावीस वर्षांची. जुनी कागदपत्रं आणि टेपा कॉम्प्युटरवर चढवण्याची तिची नोकरी आहे.

"आजी, सापडली," ती म्हणाली.

"काय?"

"डॅडची गेम. नाइन्टीन एटी-फाइव्ह. रेडिओ स्टेशन बंद झालं ना, तेव्हा त्यांनी सगळ्या टेप्स टाउनच्या लायब्ररीला दिल्या. बॉक्समध्ये पडून होत्या. द होल गेम इज देअर. फिफ्थ इनिंगसुद्धा."

मी मार्करला टोपण लावलं.

"तू ऐकलीस?"

"नाही. आय थॉट तुम्ही आणि आबांनी आधी ऐकावी."

तिचा डॅड म्हणजे माझा मुलगा परीक्षित. गेल्या ऑक्टोबरात गेला. न्यूयॉर्कहून गाडीने परत आला, स्टेशनच्या पार्किंगमध्ये आपल्या कारमध्ये बसला, आणि तिथेच. इंजिन चालू होतं. एकोणपन्नास वर्षांचा होता. इथल्या मराठी मंडळातल्या बायका भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, काकू, रडून घ्या, मोकळं वाटेल. मी त्यांना चहा केला. त्यानंतर दहा महिने झाले. मी भाजी चिरते, ह्यांच्या गोळ्या डबीत भरते, वेस्ट विंडसरच्या ह्या घराचे जिने चढते, उतरते. आत काही हलत नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, तसं.

ह्यांना मात्र परीक्षित गेल्याचं माहीत नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं. दोनदा. राहिलं नाही.

त्या मॅचबद्दल सांगायला हवं.

तेव्हा आम्ही इथून तासाभरावरच्या एका नदीकाठच्या गावात राहत होतो. ह्यांची नोकरी कारखान्यात, टूलरूममध्ये. त्या गावाची एक बेसबॉलची टीम होती, रिव्हरमेन नावाची. पोरं पगारी होती, पण धाकट्या लीगमधली. वीस-बावीस वर्षांची. मोठ्या टीमचं बोलावणं येईल म्हणून वाट बघत खेळायची. आता त्या मैदानावर कसलंसं गोदाम आहे.

ह्यांनी जन्मभर क्रिकेट पाहिलेलं. पहिल्यांदा मॅच बघून आले तेव्हा म्हणाले, "सगळेच फुलटॉस टाकतात, तरी एकालाही धड मारता येत नाही." मग हळूहळू गोडी लागली. परीक्षितला तर इतकी, की जेवताना ताटाभोवती मीठ, चटणी, लोणच्याची बाटली असे खेळाडू मांडायचा. ह्या खेळाला घड्याळ नसतं. नऊ इनिंग असतात. एक इनिंग पाच मिनिटांत संपते नाहीतर अर्धा तास चालते, कोणी सांगू शकत नाही. एवढं मला कळलं होतं.

गावात छोटं रेडिओ स्टेशन होतं. ते रविवारच्या मॅचची कॉमेंटरी द्यायचं, आणि त्यांची एक पद्धत होती. पाचव्या इनिंगला एका मुलाला किंवा मुलीला वर काचेच्या खोलीत बोलवायचे आणि माइकवर खेळाडूंची नावं पुकारायला द्यायची. कोण मूल, ते आठवडाभर आधी कळायचं. त्या सीझनची शेवटची मॅच होती आणि ह्यांच्या कारखान्याने परीक्षितचं नाव दिलं. नऊ वर्षांचा होता. आठवडाभर न्हाणीघरात नावं घोकत होता.

स्टेडियममध्ये बसलेल्यांना रेडिओ ऐकू येत नाही. म्हणून ठरलं की ह्यांनी पोराला घेऊन जायचं आणि मी घरी राहून रेडिओ-कॅसेटच्या टू-इन-वनवर रेकॉर्ड करायचं. परत आल्यावर तिघांनी मिळून ऐकायचं. ह्यांनी सकाळी कॅसेट घालून ठेवली. परीक्षितने मला दहादा शिकवलं. "आई, फिफ्थ असं ऐकलंस की लाल बटण आणि शेजारचं, दोन्ही एकदम. दाखव."

मी दाखवलं.

"करेक्ट. फिफ्थ म्हणजे?"

"पाचवी."

"आई, यू आर रेडी," तो म्हणाला आणि टोपी घालून गेला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत तिकडे बार्शीला माझी आई वारली होती. तिला लिहिता येत नव्हतं, मलाही नव्हतं. आमची पत्रं म्हणजे कॅसेट. आम्ही इथून कोऱ्या कॅसेटचं पाकीट पाठवायचो, भाऊ तिकडे तिच्यासमोर मशीन धरायचा, आणि ती बोलायची. शेजारच्यांची भांडणं, म्हशीचं वेत, कोणाचं लग्न मोडलं. तिची शेवटची कॅसेट माझ्याकडे होती. रोज दुपारी सगळे बाहेर गेले की मी ती ऐकायची आणि ऐकून झाली की उलटी फिरवून पुन्हा पहिल्यापासून करून ठेवायची.

त्या रविवारीही घरात कोणी नव्हतं. मॅचला वेळ होता. मी मशीनमधली कोरी कॅसेट काढून ओट्यावर ठेवली आणि आईची लावली. ऐकली, फिरवली, बाहेर काढली, तीही ओट्यावर ठेवली. तेवढ्यात दूध उतू गेलं. ओटा पुसायला मी दोन्ही कॅसेट उचलून खिडकीत ठेवल्या. दोन्ही एकाच पाकिटातल्या, एका रंगाच्या. दोन्हींवर ह्यांनी मराठीत नाव लिहिलेलं.

मी रेडिओ लावला. कॉमेंटरी चालू झाली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, नुसता आवाज चालू होता. मी पोळ्या केल्या. मग तो माणूस म्हणाला, फिफ्थ. मी हात पुसले, खिडकीकडे गेले, आणि मला कळेना की कुठली कोणाची. आईच्या कॅसेटवर रेकॉर्ड झालं तर तिचा आवाज पुसला जाणार होता.

लावून बघितली असती. पण त्या मशीनवर कॅसेट वाजायला लागली की रेडिओ बंद पडायचा. आणि पाचवी इनिंग किती वेळ टिकेल कोण सांगणार. मी एक कॅसेट आत घातली. लाल बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात रेडिओत परीक्षितचा, आमच्या पऱ्याचा आवाज आला.

मी बोट काढून घेतलं. दोन्ही कॅसेट हातात धरून उभी राहिले. तो बोलत होता, नावं पुकारत होता, तो कॉमेंटरीवाला त्याला काहीतरी विचारत होता आणि हसत होता. माझं इंग्रजी तेव्हा येस, नो, थँक्यू. एवढ्या बोलण्यातला मला एकच शब्द लागला. मॉम. मग बाकीचा खेळ पुढे गेला आणि दुसरी माणसं बोलायला लागली.

दोघं घरी आले. बूटही काढले नाहीत. मी म्हणाले, बटण चुकलं, काही आलं नाही.

हे म्हणाले, "एवढं एक काम होतं."

परीक्षित म्हणाला, "इट्स ओके, आई. मी एक नाव चुकलो होतो."

पुढे आमच्या घरात तो विनोदच झाला. गणपतीला लोक जमले की परीक्षित सांगायचा, "माझं रेडिओ करिअर आमच्या आईने एका बटणात संपवलं." मला रिमोट कोणी देत नसे. मीही हसायची. बटण मी दाबलंच नव्हतं, हे कोणाला सांगितलं नाही. मॉम म्हणून पुढे काय म्हणालास, असं त्याला विचारलंही नाही. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, तू तर ऐकत होतीस ना, मग बटण कसं चुकलं.

पुढच्या वर्षापासून तो रविवारच्या मराठी शाळेत जायला लागला. त्याचं पुस्तक दुपारी मी काढून बसायची. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. जरा जमायला लागलं तेव्हा आधी त्या दोन कॅसेट काढल्या. एकीवर लिहिलं होतं, सासूबाई. दुसरीवर, पऱ्या. दोन अक्षरं. तेवढी आली असती तरी पुरलं असतं.

आईची कॅसेट पुढे मशीनने खाल्ली. पट्टी बाहेर काढून पेन्सिलीने गुंडाळली, पण मग त्यातून नुसती खरखर यायची.

शुक्रवारी संध्याकाळी नैनाने हिमानीला सांगितलं. हिमानी माझी सून. पुण्याची. घरूनच काम करते, कानाला हेडफोन लावलेला असतो. तिने तो काढला.

"नको," ती म्हणाली.

"मॉम, आबांनी ती कधीच ऐकलेली नाहीये."

"नैना, प्लीज. ते ऐकतील, मग विचारतील परीक्षित कुठाय. मग काय सांगायचं? मी परत नाही सांगू शकत. मार्चमध्ये सांगितलं तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला विचारतात, आज परीक्षितची गाडी लेट आहे का." ती माझ्याकडे वळली. "आई, तुम्हीच सांगा हिला."

मी ओट्याकडे वळले. पोह्यांना फोडणी दिली.

ह्यांना तो आवाज ऐकायचा होता, हे खरं होतं. कारखाना आणि ते गाव एवढंच आता त्यांच्या डोक्यात नीट राहिलं होतं. त्यात ती मॅच वरचेवर यायची. "मी खाली बसलो होतो," ते सांगायचे. "वर काचेत पोरगं दिसत होतं. तोंड हलत होतं. काय बोलत होता, काही ऐकू आलं नाही." कधी दाढी करताना सांगायचे, कधी वरणभात खाताना. आणि शेवटी नेहमी, "कॅसेट होती ना? काय झालं तिचं?"

"बटण चुकलं," मी म्हणायची.

"हां. तुझं बटण." मग हसायचे. चहा प्यायचे. "आणि हा चहा. ह्यात साखर काय ओव्हरटाइमवर आहे का?"

हे हसणं-बोलणं अजून होतं. सोमवारनंतर किती राहील, ते कोणी सांगत नव्हतं. तिथली बाई फोनवर म्हणाली होती, जागा बदलली की पहिल्या काही आठवड्यांत माणसं थोडी उतरतात. उतरतात म्हणजे काय, मी विचारलं. ती म्हणाली, काही जण घरच्यांना ओळखत नाहीत.

शनिवारी मी हिमानीला म्हणाले, "उद्या दुपारी ऐकवू."

ती लॅपटॉपकडेच बघत होती. "आणि विचारलं तर?"

"मी बघते."

"काय बघाल?"

"ते मला अजून माहीत नाही."

तिने लॅपटॉप मिटला. म्हणाली, "आई, मला त्याचा लहानपणचा आवाजच माहीत नाहीये. व्हिडिओ नाहीत तुमच्याकडे. मला वाटलं होतं मी ऐकणार नाही. पण बहुतेक ऐकेन."

रविवारी दोन वाजता आम्ही हॉलमध्ये बसलो. हे आपल्या खुर्चीत. नैनाने फोन एका काळ्या गोल स्पीकरला जोडला. मी उरलेले दोन शर्ट मांडीवर घेऊन बसले, पण मार्कर सापडला नाही.

"हे काय आहे?" ह्यांनी स्पीकरकडे बोट दाखवलं.

"रेडिओ आहे, आबा," नैना म्हणाली. "रिव्हरमेनची गेम आहे."

"आज मॅच आहे?"

"हो," मी म्हणाले.

नैनाने चौथ्या इनिंगच्या शेवटापासून लावलं. आधी खरखर आली. मग लोकांचा आवाज, समुद्रासारखा. ऑर्गनचे दोन-तीन सूर. गाद्यांच्या दुकानाची एक जाहिरात. हे पुढे वाकले, हात गुडघ्यांवर. "तीन-एक आहेत आपण," ते म्हणाले. कॉमेंटरीवाल्यानेही तेच सांगितलं. रिव्हरमेन तीन, पाहुणे एक. हिमानी दारात उभी होती. ती आत येऊन सोफ्याच्या हातावर टेकली.

मग कॉमेंटरीवाला म्हणाला, फिफ्थ. आज आपल्याकडे एक छोटा पाहुणा आहे, म्हणाला, आणि त्याने नाव घेतलं. परीक्षितचं काहीतरी भलतंच केलं. मग तो आवाज आला. पातळ, घाईघाईचा. सर्दी झाल्यासारखा. त्याला खरंच सर्दी होती, मी आदल्या रात्री ओव्याची पुरचुंडी शेकली होती. ते मला एकदम आठवलं. चाळीस वर्षं आठवलं नव्हतं.

तो नाव पुकारायचा, मागे लोकांचा गलका चालूच असायचा. पहिला खेळाडू तीन फटके चुकून परत गेला. दुसऱ्याने चेंडू उंच मारला आणि कोणीतरी धरला. तिसऱ्याचं नाव पऱ्या चुकला. आडनाव आधी म्हणाला. "सॉरी," म्हणाला माइकवर. तो खेळाडू धावत पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या टप्प्यावर पोचला, चौथा उभा राहिला, आणि तो बराच वेळ टिकला. चेंडू बाहेर जात राहिले. तेव्हा कॉमेंटरीवाल्याने पऱ्याला गप्पांत घेतलं. आता मला सगळं कळत होतं.

"वडील आलेत?"

"येस सर. ते तिकडे बसलेत. लाल टोपी. हात हलवतायत."

हे खुर्चीत बसून हात हलवत होते. जरासाच, खांद्यापर्यंत.

"आणि मॉम?"

"मॉम घरी आहे. ती मला टेप करतेय. आम्ही घरी जाऊन ऐकणार आहोत."

"ती बरोबर बटण दाबेल ना?" तो माणूस हसला.

"येस सर. माझ्या आईला वाचता येत नाही. म्हणून ती काहीच विसरत नाही. तिला एकदा दाखवलं की राहतं."

लोक ओरडले. चौथ्याने चेंडू सरळ कोणाच्या तरी हातात मारला होता. इनिंग संपली. पऱ्या म्हणाला, थँक यू, आणि माइक खडखडला, आणि गाद्यांची जाहिरात परत लागली.

नैनाने आवाज बंद केला.

हिमानीने हात तोंडावर धरला होता, तिचे खांदे हलत होते. मी शर्टाची बाही सारखी केली. मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. हात गार पडले होते, तेवढंच.

हे स्पीकरकडे बघत होते. मग वळले.

"पऱ्या कुठाय?"

हिमानी उठली. मी तिच्याकडे बघितलं आणि ती परत बसली.

"निघालाय," मी म्हणाले. "स्टेडियमवरून. येतोय."

"एकटा?"

"तुमच्याबरोबर."

ह्यांनी ते मनाशी लावून बघितलं. कपाळाला आठी आली आणि गेली. "हां," म्हणाले. "गाडी लांब लावली होती." मग मान पुढे काढली, टूलरूममध्ये कोणाला काम सांगताना काढायचे तशी. "तो यायच्या आत कॅसेट उलटी फिरवून ठेव. त्याला पहिल्यापासून ऐकायला मिळू दे."

"ठेवते."

"झाली ना रेकॉर्ड?"

नैना माझ्याकडे बघत होती.

"झाली," मी म्हणाले.

"नीट?"

"नीट झाली."

"बघ. उगीच घाबरत होतीस." ते मागे टेकले. "चहा टाक. तो दमून येईल."

नैनाने फोनवर बोट ओढून पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला आणून ठेवलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. पाच कप पाणी घातलं, मग एक काढून ओतून टाकलं. मार्कर ओट्यावरच होता. चहा उकळेपर्यंत मी एका शर्टावर नाव घालून घेतलं. पुठ्ठा घ्यायचा राहिला, शाई जरा पसरली. दुसरा चहानंतर केला.